गाणं लांबवताना

४ जानेवारी, शनिवार

ॲलिसनच्या उमराच्या पाण्याला बँडवाले आलेच नाहीत. ॲलिसन म्हणजे आमच्या ड्रमरची, ॲरनची, धाकटी बहीण. उद्या तिचं लग्न. आदल्या संध्याकाळी घरच्या बायका लाल लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. माझगावच्या या गावठाणात वाजवणाऱ्यांशिवाय कुणी विहिरीकडे निघत नाही. आणि ठरवलेला ब्रास बँड त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात वाजवत होता.

ॲरनची आई, पर्पेच्युआ आंटी, माडीवर आली. आम्ही चौघं तिथेच होतो. सरावाची आमची जागा तीच.

"तुमी पन बँडच ना? मग उठा."

आम्ही रॉक बँड आहोत म्हणजे काय आहोत, हे तिला अठरा वर्षांत कुणी समजावू शकलेलं नाही.

टेम्पोत ड्रम चढवले, जनरेटर, दोन स्पीकर. आमचा बँड 'धक्का' पहिल्यांदाच रस्त्यावर. पहिलं गाणं चार मिनिटांत संपलं, नेहमीसारखं दणक्यात. बायका गल्लीत जिथल्या तिथे थांबल्या. आम्ही टाळ्यांची वाट पाहत राहिलो.

"काय गो बाय," आंटी मला म्हणाली, "गानं काय नळाचं पानी हाय, मधीच जातं?"

दुसरंही संपलं. पुन्हा सगळ्या उभ्या. तिसऱ्याच्या शेवटी ॲरनने काठी हवेत फिरवली : थांबू नका. 'अजून उजाडायचंय' चालू होतं. तिन्ही कडवी झाली, परत म्हटली, परत संपली. मग नुसता ठेका. कॅरिसाचा बास त्याच चार सुरांवर गोल गोल. कळशा भरल्या, बायका वळल्या, घराची पायरी आली, तरी ठेका तसाच. माझ्याकडे शब्द उरले नव्हते. मी नुसती ओरडत होते.

गाणं संपवायला आम्हाला फार छान येतं. आज त्याचा काही उपयोग नव्हता.

घसा पार बसलाय. इतकी खूश मी कधी होते, आठवत नाही.

१२ जानेवारी

ॲरनने त्या संध्याकाळचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. अर्ध्याहून जास्त जनरेटरचा आवाज. तरी कॅरिसा मान डोलवायला लागली. ती आमची बास वाजवते, दिवसा एका विमा कंपनीत असते आणि करी रोडच्या तिच्या घरात जुन्या तबकड्यांनी एक भिंत भरलेली आहे.

ती म्हणाली, "हे डिस्को आहे."

शंतनु गिटार पुसत होता. फडकं थांबलं. "काय म्हणालीस?"

"चारही मात्रांवर धप-धप, बास गोल, गाणं संपत नाही. डिस्को. असंच असतं ते. बारा इंची तबकडी, एका बाजूला एकच गाणं. एरवीच्या गाण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. नाचणाऱ्यांनी थांबू नये म्हणून. तेव्हा भलेभले रॉक बँड गेले तिकडे."

"आणि त्यांच्या चाहत्यांनी शिव्या घातल्या त्यांना."

"घातल्या. नाचत नाचत घातल्या."

"मी डिस्को वाजवू? त्यापेक्षा बारशाला वाजवीन."

"उमराच्या पाण्याला वाजवलंस की," ॲरन म्हणाला. "बारसं ओघाने येईलच."

मी शंतनुच्या बाजूने बोलायला हवं होतं. गाणं म्हणजे शब्द, ही माझी भूमिका. कॉलेजात मराठी शिकवते, बँडचे शब्द मीच लिहिते, मीच गाते. पण त्या खरखरीत रेकॉर्डिंगमध्ये माझे पाय टेबलाखाली हलत होते, ते मी पाहिले.

१९ जानेवारी, रविवार

'अजून उजाडायचंय' त्या ठेक्यावर वाजवून पाहिलं.

ॲरनने फक्त पायाचा ड्रम सुरू केला. चार, चार, चार. वर झांज उघडते, मिटते. दुसरं काही नाही. एरवी एवढ्या वेळात आमचं पहिलं कडवं संपलेलं असतं. मग बास. कॅरिसा एक सूर खालचा, तोच वरचा, खालचा, वरचा, जिना चढून उतरावा तशी. माडीच्या फळ्या हलायला लागल्या. शंतनु बराच वेळ हात बांधून उभा होता. मग त्याने तारा तळव्याने दाबल्या आणि नुसतं चिक, चिक, चिकचिक. सूर नाही, घासल्याचा आवाज. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि हात थांबत नव्हता.

खालून आंटी ओरडली, "आता बरोबर!"

तिसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. मध्येच हवाच आली नुसती. सगळे थांबले. कॉलेजातल्या एसीमुळे होतंय, मी म्हटलं. शंतनु म्हणाला, त्याच्या तारा जुन्या झाल्यात, तुटतील, आपण सगळेच दोन सूर खाली वाजवू. अठरा वर्षांत शंतनु जुन्या तारा घेऊन सरावाला आलेला नाही. विसरला असेल.

दोन सूर खाली गाणं जास्त चांगलं वाटतं. अंधारातून आल्यासारखं.

२ फेब्रुवारी

या गाण्याची बारा इंची तबकडी करायची ठरली आणि तिसरं कडवं काढलं. ॲरन म्हणतो, कडवं आलं की नाचणारा ऐकायला लागतो आणि ऐकायला लागला की उभा राहतो.

"ऐकण्यासाठीच लिहिलंय मी ते."

"अगं, कागदावर आहे ना. तबकडीवर कशाला?"

दोन कडव्यांवर मी तडजोड केली. दोन राहिलीच पाहिजेत. तसं बजावून आले.

पपांना सांगितलं. फणसवाडीच्या आमच्या घरात ते आणि मी, दोघंच. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू सांगितलंस म्हणजे काय, तुझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला का? मला इथे तीन फुटांवर ऐकू येत नाहीये. कुणाला तरी दाखव."

"सर्दी आहे."

"महिनाभर? मग सर्दी नाही ती, भाडेकरू आहे."

१६ फेब्रुवारी

दुसरं कडवंही काढलं. शंतनु म्हणाला, कडव्याच्या जागी आपण मोकळी जागा ठेवू. सगळं थांबेल, फक्त ड्रम आणि बास. मग एकेक वाद्य परत येईल.

मी विचारलं, "आणि तुझा सोलो? तो राहणार?"

"सोलो काढला मी."

"कधी?"

"काल."

शंतनुने स्वतःचा सोलो काढला! हा माणूस लालबागच्या गणपतीसमोर सोलो वाजवून पोलिसांशी भांडलेला आहे. मला राग आला. सोलो गेल्यावर मी कडव्यासाठी भांडू कशी? उठले आणि तडक निघाले, डॉकयार्ड रोडपर्यंत चालत गेले. भायखळ्याकडून येणारा वारा तोंडावर. तिथे उभं राहून, शंतनुने मागोमाग फोनवर पाठवलेलं ते नवं रूप कानात लावलं. ती मोकळी जागा आली. ड्रम, बास, बाकी शांत. जणू सगळ्या खोलीने श्वास धरलाय. मग गिटारचं चिक. मग झांज. मग एकदम सगळं.

परत लावलं. परत. एका माणसाने विचारलं, "मॅडम, कुठे जायचंय?" कुठेच नव्हतं जायचं.

ते बरोबर आहेत, ही गोष्ट त्यांना इतक्यात सांगणार नाही.

९ मार्च

रेकॉर्डिंग सुरू. परळच्या एका गल्लीतला छोटा स्टुडिओ, वर पापडांचं गोदाम. पहिलं कडवंही गेलंच, माझ्या वाट्याला एक ओळ : 'थांब, अजून उजाडायचंय'. अख्ख्या गाण्यात चारदा. आज फक्त 'थांब' म्हणायचं, असं कॅरिसाने ठरवलंय. बाकीचे शब्द पुढच्या रविवारी.

"एका ओळीला दोन रविवार?"

"डिस्कोत असंच करतात."

"कोण करतं?"

"सगळे. एकेक शब्द ताजा घ्यायचा."

मला यातलं कळत नाही. तबकड्यांची भिंत तिच्याकडे आहे. 'थांब' म्हटलं. घोगरं आलं. दुसऱ्यांदा म्हणते म्हटलं, तर तिघंही काचेपलीकडून हात हलवायला लागले, नको नको, हेच. इतकं घोगरं तबकडीवर ठेवायचं? ॲरन म्हणाला, "साफ आवाजाला कोण थांबणार? साफ आवाज रेल्वेच्या घोषणांचा असतो."

आंटीने डब्यात मिऱ्यांचा काढा पाठवला होता. सगळ्यांसाठी, असं ॲरन म्हणाला. पेला एकच होता. बाकीच्यांना नको होता म्हणे.

११ मार्च

शंतनुने नेटवर कुठे तरी गाण्याचा तुकडा टाकला, ऐका म्हणून. त्याखाली प्रतिक्रिया. 'धक्का मेला.' 'आता साखरपुड्याला बोलवा यांना.' 'देविकाचा आवाज कुठे गेला?' म्हणजे माझा. एकाने नुसतं रडणारं तोंड.

शंतनुने साखरपुडेवाल्याला उत्तर दिलं : तारीख कळवा.

२७ मार्च

पपांनी शेवटी धरून नेलंच. गिरगावातले डॉक्टर. नळी घातली, पडद्यावर माझाच गळा दाखवला. स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आणि डावीवर एक गाठ, तांदळाच्या दाण्याएवढी. साधी दिसते, म्हणाले. पण काढावी लागेल. नंतर आठवडाभर पूर्ण मौन आणि तीनेक महिने गाणं नाही. परत येईल तो आवाज हाच असेल, असं ते सांगू शकत नाहीत.

"तोवर गाऊ नका. ताण दिलात, रक्त उतरलं, तर पुढचं माझ्या हातात नाही."

निघताना त्यांनी विचारलं, ओरडायचं काम पडतं का? शिकवते म्हटलं. रॉक बँडमध्ये गाते, असं सांगायला तोंड उघडलं नाही.

बँडला सांगायचं नाही. सांगितलं तर तबकडी थांबवतील, माझ्यासाठी थांबतील, मग हवा निघून जाईल. ४ मेला प्रकाशन आहे. ज्यो म्हणून ॲरनचा मित्र आहे, परळच्या जुन्या गिरणीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तबकड्या लावतो, लोक नाचायला येतात. तिथे आम्ही प्रत्यक्ष वाजवणार. त्यानंतर ऑपरेशन. त्यानंतर सांगेन.

आणि एक ठरवलंय. ४ तारखेला मी तिन्ही कडवी गाणार. कुणाला न विचारता. त्या मोकळ्या जागेत मावतील, मोजून पाहिलंय. आवाज बदलूनच येणार असेल तर या आवाजाला एकदा तरी पूर्ण गाणं मिळू दे.

१८ एप्रिल

नमुन्याची तबकडी आली!

कॅरिसाच्या घरी ऐकली. एकतिसावा मजला. खाली शंतनु ज्या चाळीत वाढला ती, वरून पत्त्याच्या पानाएवढी. आज गुड फ्रायडे, म्हणून ॲरनला आंटीची ताकीद होती, नुसती बघायची, वाजवायची नाही. ॲरनने ती डोळ्यांसमोर धरली, तिरपी केली. खाचा दिसतात. डोळ्यांना दिसतात! जिथे आवाज मोठा तिथे रुंद, लाटेसारख्या. मध्ये एक काळा गुळगुळीत पट्टा, तिथे खाचा बारीक झाल्यात. ती मोकळी जागा. माझ्या कडव्यांची.

"फक्त सुरुवात ऐकू," शंतनु म्हणाला.

"आईला कळेल."

"माझगावात?"

"तिला कळतं रे."

सुई टेकवली. खरखर, आणि मग तो ड्रम. फोनवर ऐकलेलं गाणं हे नव्हतंच. आवाज जमिनीतून आला. खिडकीची काच थरथरली. 'थांब' आलं, घोगरं, जवळ, कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवावा तसं. ती बाई कोण, असं मला क्षणभर वाटलं. ती मला आवडली.

बाजू संपेपर्यंत कुणी उठलं नाही. मग ॲरनने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला आणि म्हणाला, "परत लाव."

४ मे, रविवार

झोप येणार नाही. लिहून टाकते.

हॉल भरला होता. काळ्या टी-शर्टातले आमचे जुने लोक भिंतीला टेकून, हाताची घडी. मधल्या जागेत ज्योची मंडळी, आधीच घामाने भिजलेली. आंटी आली होती, खुर्ची मागवून अगदी स्पीकरसमोर बसली. तिच्याशेजारी पपा. कानात कापूस.

सुरू केलं. ड्रम, झांज, बास. भिंतीकडच्या लोकांचे हात पहिल्या 'थांब'पर्यंत घडीत होते. दुसऱ्या 'थांब'ला एकाची मान डोलली. मी बघत होते. मला एरवी लोक कधी दिसतच नाहीत, मी शब्दांत असते. आज करायला काम नव्हतं, त्यामुळे सगळं दिसलं.

मग मोकळी जागा. सगळं थांबलं. ड्रम आणि बास. मी माइक तोंडाशी घेतला, श्वास घेतला, पहिल्या कडव्याचा पहिला शब्द म्हटला.

काहीच आलं नाही. माइक बंद. शंतनु मागे सरकताना त्याचा पाय माझ्या वायरीत अडकला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठांनीच 'सॉरी' म्हटलं, पण वायर लावायला वाकला नाही. गोंधळला असावा.

कॅरिसाचा माइक चार पावलांवर होता. चालू होता. जाऊ शकत होते.

समोर बघितलं. तो सगळा हॉल एकाच वेळी खाली जात होता आणि एकाच वेळी वर येत होता. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे माझ्यावर. वाट पाहत होते, पण कडव्याची नाही. माझ्या घशात तिन्ही कडवी होती, शब्द न् शब्द पाठ. आता म्हटली असती तर सगळे उभे राहून ऐकायला लागले असते. मला तेच तर हवं होतं गेली अठरा वर्षं.

मी माइक स्टँडला अडकवला आणि खाली उतरले.

नाचता येत नाही मला. हात कुठे ठेवतात तेही माहीत नाही. भिंतीकडून एक काळा टी-शर्ट आला, दाढी पांढरी झालेली, पूर्वी पहिल्या रांगेत असायचा. "मॅडम, हे काय करून ठेवलंत तुम्ही," म्हणाला, आणि माझ्यासमोर उड्या मारायला लागला. मग आणखी एक. वर ॲरनने ती मोकळी जागा संपवलीच नाही. ठरलेल्या ठिकाणी गिटार यायला हवी होती, आली नाही. तो वाजवतच राहिला, कॅरिसाकडे बघून हसत, आणि मग शंतनुचं चिक आलं, आणि हॉल ओरडला. मी नाही ओरडले. तेवढं भान होतं. तोंड उघडं ठेवून नाचले, आवाज न करता.

पपांनी एका कानातला कापूस काढला होता.

६ मे

सांगितलं. माडीवर, तिघांना. गाठ आहे, पुढच्या मंगळवारी ऑपरेशन, तीन महिने गाणं नाही, नंतरचं माहीत नाही.

तिघंही एकदम म्हणाले, "काय सांगतेस!" अगदी एका ठेक्यात. एवढी वर्षं एकत्र वाजवल्यावर असंच होणार. मला भरून आलं.

म्हटलं, तोवर दुसरी कुणी गाणारी शोधा. दादरला दोन मुली आहेत, चांगल्या गातात.

"बघू," शंतनु म्हणाला.

"बघू काय? लगेच शोधा. तबकडी चाललीय, लोक बोलावतायत."

"अगं बघू म्हटलं ना."

आंटी जिन्यात उभी होती. ती आत आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काडा संपला काय गो बाय? आनखी करते."

१८ मे, रविवार

मौनाचा पाचवा दिवस. ऑपरेशन ठीक झालं. बोलायचं नाही, पुटपुटायचंही नाही. पपा खूश आहेत, वाद सगळे जिंकतायत.

दुपारी तिघं फणसवाडीत आले. सोबत आंटीचा काढा आणि नवीन गाणं. दुसऱ्या तबकडीसाठी, ॲरन म्हणाला. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला.

सुरुवात जबरदस्त. याही वेळी चारवर चार, पण शंतनुने गिटारचे तीन थर लावलेत, एकात एक. तीन मिनिटं, चार. मी गाण्याची वाट पाहतेय. पाच. बास बदलला, टाळ्या आल्या. आठ. ब्रास आला, खरा, माझगावातल्याच कुणाचा तरी. माझे पाय कधीच सुटलेत. पपांनी ताटलीवर चमच्याने ठेका धरलाय. पण आवाज नाही. दादरच्या मुलींपैकी एकीलाही विचारलं नाही म्हणे, राहून गेलं.

मी हातानेच विचारलं, गाणारी कुठे?

कॅरिसाने पडद्यावर बोट ठेवलं. एकेका वाद्याची एकेक पट्टी, सगळ्या भरलेल्या, रंगीत. सगळ्यात खाली एक रिकामी, फक्त तिचं अगदी उजवं टोक पिवळं केलेलं. त्यावर माझं नाव.

"इथे येतेस तू," ती म्हणाली. "तोवर आम्ही वाजवतो."

मी दोन्ही हात लांब केले : केवढं हे! एका बाजूवर मावणार कसं?

"मग दोन्ही बाजूंवर करू," ॲरन म्हणाला. "कुणाला घाई आहे?"

शंतनु माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजूनही वाढवता येईल. लागलं तर."

मी जोरजोरात मान हलवली. तिघं हसायला लागले आणि ॲरनने पहिल्यापासून परत लावलं. ते गेल्यावरही ऐकतेय. मजा आहे, पण कुठला नाचणारा एवढा वेळ गाणाऱ्या बाईसाठी थांबणार? या तिघांना गाण्याच्या लांबीचं भानच राहिलेलं नाही. आवाज आला की सगळ्यात आधी त्यांना हेच सांगणार आहे.